सांगणारी

दिवेलागणीच्या वेळी उज्ज्वला पोराच्या डोळ्यांत पाहत नसे.

दिवसभर ती त्याला पोटभर पाहायची. वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच्या मोहाच्या झाडाला झोळी बांधलेली असायची. कमरेची ओटी कापसानं जड झाली की ती तिथं यायची, ओटी मोकळी करायची, प्रेमला पाजायची, त्याच्या गालाला चिकटलेले कापसाचे तंतू बोटानं टिपायची. आठ महिन्यांचा पोरगा, गुटगुटीत, बघेल त्याला हसणारा. पण दिवस टेकडीमागं कलला, पऱ्हाटीच्या ओळींत सावल्या भरायला लागल्या, की ती त्याचं तोंड पदराखाली घ्यायची, आणि घरातला दिवा नीट लागेपर्यंत बाहेर काढायची नाही.

"हे काय व तुही सवय?" बेबीताईनं एकदा विचारलं. बेबीताई म्हणजे शेजारच्या वावरवाल्या मारोतरावांची बायको. यंदा वेचणीला बाया मिळत नव्हत्या, म्हणून एक दिवस यांचं वावर, एक दिवस त्यांचं, असं दोन्ही घरं मिळून वेचत होती. "लेकराले दम कोंडन ना."

"हवा गार हाय," उज्ज्वला म्हणाली.

"हवा? माया तं घाम गळून राह्यला."

पलीकडच्या ओळीतून सासू जमनी बोलली, "राहू दे बाई. तिले नाई पाहायचं तं नको पाहू दे."

बेबीताई समजली आणि खाली वाकून बोंडं तोडू लागली. सात वर्षांमागं, थोरली अंजू अडीच वर्षांची असताना, याच वेळेला तिच्या उजव्या डोळ्यात उजेड दिसला होता. अंधारातल्या मांजराच्या डोळ्यात चमकतो तसा. आधी कोणी खरं मानलं नाही. मग बेबीताईच्या अमरनं मोबाइलवर अंजूचा फोटो काढला, त्यात एक डोळा लाल आणि एक दुधासारखा पांढरा आला. यवतमाळच्या दवाखान्यात मॅडमनं सांगितलं, डोळ्याच्या पडद्यावर गाठ आहे, कॅन्सरची. पोरीचा जीव पाहिजे असेल तर डोळा काढावा लागेल. नागपूरला डोळा काढला. आता अंजू चौथीत होती. बनावट डोळा बसवलेला, नवखा माणूस ओळखूही शकत नसे. फक्त झोपेत ती पापणी पुरती मिटायची नाही. घर झोपलेलं असायचं आणि तो एक डोळा आढ्याकडे पाहत राहायचा. उज्ज्वलेनं त्याची सवय करून घेतली होती.

प्रेमची सवय तिला होत नव्हती.

त्या दिवशी वेचणी आटपून तांड्यावर परतल्यावर तिनं चुलीजवळ विषय काढलाच. घरात सगळं बोलणं गोरबोलीत, आपल्या बंजारा बोलीत चालायचं, बाहेरच्यांशी वऱ्हाडी.

"याले यवतमायले न्या लागते. मॅडमले दाखवा लागते."

नवरा, जीवन, बैलाच्या शिंगाला दोर गुंडाळत होता. "काहून? याले काय झालं?"

"झालं नाई. मॅडमनं सांगतलं होतं ना. पुढचं लेकरू झालं का लहानपणीच दाखवजो."

"कोणी सांगतलं होतं?"

"मॅडमनं."

"मी नव्हतो काय तिथी? असं एक अक्षर बोलली नाई थे. नागपूरवाल्यानं इचारलं, घरात कोणाले होतं काय, आपण म्हटलं नाई. थो म्हणे, मंग काळजी नाई. झालं."

"माया कानानं ऐकलं."

"तुले तं तवा शुद्ध नव्हती," जीवन म्हणाला. आवाज चढवून नाही, थकून. "बाहेर पाऊस धो धो लागला होता, तू दारात बसून गेलती. मी उचललं तुले."

उज्ज्वला त्याच्याकडे बघतच राहिली. पाऊस? त्या दिवशी कडक ऊन होतं. दवाखान्याच्या फरशीवर अनवाणी पाय भाजले होते. आणि ती कुठं बसली नव्हती; उभी होती, भिंतीला टेकून, पोरीला कडेवर घेऊन.

"मॅडम रडली होती," जमनी भाकर परतत म्हणाली. "डोये पुसून पुसून लाल झालते तिचे."

"याडी, तू कुठं होती तिथी?" जीवननं आईला विचारलं. "तू तं घरी होती."

जमनीनं तव्यावरून मान वर केली. क्षणभर तिलाही कळेना. "घरी होती काय मी? मंग मले थे दिसते कसं?"

सासरा खेमसिंग ओट्यावर पाठमोरा बसून होता. तो यात पडला नाही. तो कशातच फारसा पडायचा नाही. पण अंजू दप्तर मांडीवर घेऊन ऐकत होती. ती म्हणाली, "मले आठवते."

"तुले काय आठवते? अडीच वर्षाची होती तू."

"एक बाई मले मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या हातात लई बांगड्या होत्या. पांढऱ्या. पार इथलोक." तिनं कोपराच्या वर बोट टेकवलं. "मी एक एक वर सरकवून राह्यली होती."

"मी घेतलं होतं तुले," उज्ज्वला म्हणाली.

अंजूनं आईच्या मनगटातल्या हिरव्या काचेच्या बांगड्या पाहिल्या आणि मान हलवली. "तू नाई."

जमनीनं भाकर निखाऱ्यावर टाकली, ती फुगली आणि फुटली.

पुढचे दिवस कापसाचे होते. सगळी बोंडं एकदम फुटली होती, आणि वर आभाळ रोज थोडं थोडं खाली येत होतं. पाऊस आला तर कापूस झाडावरच काळा पडणार. पहाटेचं दव सुकायच्या आत सगळे वावरात असायचे. वाळल्या बोंडाच्या टोकांनी नखांच्या बाजू फाटायच्या, संध्याकाळी मीठ लागलं की बोटं आग आग व्हायची. ओटीचा पट्टा कमरेला काचून लाल वळ उठायचा. उज्ज्वलेला हे काम बरं वाटायचं. हात चालू असले की डोकं गप्प राहायचं. तरी मधूनच ते वाक्य यायचं. पुढचं लेकरू झालं का लहानपणीच दाखवजो, उजेडात काही दिसायची वाट नको पाहू. शब्द न् शब्द तेच, आवाजही तोच, जड, सावकाश, कानाच्या अगदी जवळून. ती मागं वळून बघायची. मागं पांढरी पऱ्हाटी असायची.

एका दुपारी ढग इतके दाटले की उजेड पिवळा पडला आणि मग गेलाच. दुपारीच सांज झाली. बगळे घाईनं परत फिरले. शाळा सुटून अंजू वावरात आली होती, झोळी हलवत बसली होती. उज्ज्वला ओळीच्या पार त्या टोकाला होती.

"याडी," अंजूनं हाक मारली. "याच्या डोयात कोणीतरी बसलं हाय."

तिच्या आवाजात भीती नव्हती. घरात पाव्हणा आलाय म्हणून सांगावं तसं तिनं सांगितलं. उज्ज्वलेचे हात बोंडावर थांबले.

"कोण बसलं?"

"पांढरं. माया डोयात होतं ना, थे."

अंजूला तिच्या डोळ्यात काय होतं ते कसं ठाऊक असणार. अमरच्या मोबाइलमधला फोटो तेव्हाच पुसून टाकला होता. आरशात बघायचं पोरीचं वय नव्हतं. हे सगळं उज्ज्वलेच्या मनात नंतर आलं. त्या वेळी ती ओळ मोडत पळाली. पऱ्हाटीच्या काड्या पिंडऱ्यांना लागत होत्या, ओटी सुटून कापूस मागं सांडत होता. तिनं पोराला झोळीतून उचललं, आणि जे कधी केलं नव्हतं ते केलं. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून त्या मावळत्या उजेडात त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

काही नव्हतं. काळेभोर डोळे, आणि त्यांत ढग. पोरगा हसला.

जीवन बैलबंडी घेऊन आला तेव्हा ती धुऱ्यावर बसलेली होती. तिनं सांगितलं, उद्या जायचं.

"तूच म्हणतं काही नाई दिसलं म्हून. आन् हे पाय." त्यानं वावराकडं हात केला. अर्ध्याहून जास्त कापूस झाडावर होता. "आजची रात गेली का पाणी हाय. दोन दिवस थांब. वेचू, मंग जाऊ."

"मी एकली जातो."

"एकली कुठं जातं? लेकरू घेऊन, गाड्या बदलत?"

खेमसिंग डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन येत होता. त्यानं ते बंडीत टाकलं, पटक्यानं तोंड पुसलं आणि सुनेकडे न बघता म्हणाला, "पयल्या गाडीनं जा. दोघंई जा."

"आन् कापूस?" जीवननं विचारलं.

"भिजन. भिजू दे."

म्हातारा कापूस भिजू दे म्हणाला, याचं जीवनला इतकं नवल वाटलं की तो पुढं वाद घालू शकला नाही.

महागावहून यवतमाळची गाडी मिळाली. आर्णी गेल्यावर थेंब पडायला लागले, काचांवरून पाण्याच्या रेघा मागं मागं पळत होत्या. जीवन बाहेर बघत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांची वावरं, पांढरी, भिजत असलेली. त्यानं एकदा प्रेमच्या पायावर शाल ओढली.

सात वर्षांमागं ज्या मॅडमनं अंजूला तपासलं होतं, त्या डॉक्टर समीक्षा इंगोले, आता स्वतःचा डोळ्यांचा दवाखाना चालवत होत्या. तेव्हा त्या अगदी तरुण होत्या, सरकारी दवाखान्यात नव्यानं लागलेल्या. आता चष्मा आला होता, केस कानाजवळ पांढरे झाले होते. केसपेपरवरचं नाव पाहताच त्या खुर्चीवरून उठल्या.

"अंजूची आई ना तुम्ही? कशी आहे ती?"

उज्ज्वलेला एकदम रडू आलं. कोणी ओळखेल असं तिला वाटलं नव्हतं.

प्रेमच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले. बाहुल्या मोठ्या व्हायला वेळ लागतो म्हणून बाहेर बसवलं. हळूहळू पोराचे डोळे निव्वळ काळे झाले, नुसती दोन भोकं. जीवननं नजर वळवली. मग आत बोलावलं. मॅडमनं कपाळावर छोटा दिवा बांधला, खोलीतला मोठा दिवा बंद केला. नर्सनं पोराचं डोकं धरलं, उज्ज्वलेनं हात. तो किंचाळत राहिला आणि मॅडम त्याच्यावर वाकून एका डोळ्यातून दुसऱ्यात, वर, खाली, कडेकडेनं पाहत राहिल्या. डाव्या डोळ्यावर त्या थांबल्या. फार वेळ थांबल्या.

दिवा लागला तेव्हा त्यांनी लगेच सांगितलं. आढेवेढे न घेता.

"डाव्या डोळ्यात आहे. पण अगदी लहान आहे, पडद्याच्या पार कडेला. मोहरीएवढा ठिपका. डोळा काढायची गरज पडणार नाही. नागपूरला लेझरनं जाळतील, पुन्हा पुन्हा तपासतील. नजरही राहील. तुम्ही वेळेवर आलात."

जीवन भिंतीला टेकला. उज्ज्वला पोराला थोपटत राहिली. मग तिनं विचारलं, "अंजूले दिसलं थे हेच काय? तिनं याच्या डोयात पांढरं पायलं."

मॅडमनं मान हलवली. "शक्य नाही. इतकं लहान आणि इतकं कडेला बाहेरून दिसतच नाही. मलाही औषध घातल्यावर, डोळा फिरवून, मुश्किलीनं दिसलं." त्या थोडं थांबल्या. "तुम्ही तिच्या म्हणण्यावरून आलात?"

"नाई. तुमीच सांगतलं होतं."

"हो, सांगितलं होतं खरं," मॅडम म्हणाल्या, आणि उज्ज्वलेनं नवऱ्याकडं पाहिलं. जीवननं मान खाली घातली. "पण तुम्हाला नाही सांगितलं. तुमच्याकडे बघायची माझी हिंमतच नव्हती त्या दिवशी. माझ्या नोकरीतला तो पहिला असा डोळा. अजून मी नव्या मुलांना शिकवते, तेव्हा तो दिवस सांगते. लाइट गेली होती, खिडकीला काळा कागद लावलेला होता. तुम्ही दोघं भिंतीशी उभे. मला वाटलं, यांना आत्ता काही ऐकू येणार नाही. म्हणून जे सांगायचं ते मी आजींकडे बघून सांगितलं. त्या शांत होत्या."

"कोणती आजी?" जीवननं विचारलं.

"तुमच्या बरोबर होत्या त्या. मुलीला मांडीवर घेऊन बसलेल्या. घागरा, आरशांची चोळी, हातभर पांढऱ्या बांगड्या. आता कोणी तसा पोशाख करत नाही, म्हणून लक्षात राहिलं. आणि त्यांचा एक डोळा बसलेला होता, आत गेलेला, मिटलेला. तो बघूनच माझ्या मनात आलं की हे घराण्यातलं असू शकतं. मी विचारलंसुद्धा, तुमच्या डोळ्याला काय झालं. त्या म्हणाल्या, लहानपणापासून असाच आहे. मग मी सांगितलं, पुढचं मूल होईल तेव्हा लगेच दाखवा. त्या म्हणाल्या, मी सांगते सुनेला."

खोलीत औषधाचा वास होता. बाहेर कोणीतरी नंबर पुकारत होतं.

"मॅडम, आमी दोघंच आलतो," जीवन म्हणाला. "मी, हे, आन् पोरगी. तिसरं कोणी नव्हतं."

मॅडमनं चष्मा काढला. "मग दुसऱ्या कोणाच्या आजी असतील. गर्दी असायची तिथं. मी घोटाळा केला असेल." पण त्यांच्या चेहऱ्यावर तसं दिसत नव्हतं. त्या उज्ज्वलेकडं वळल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं मग? काय सांगितलं होतं, आठवतं?"

उज्ज्वलेला शब्द न् शब्द आठवत होता. तिनं तोंड उघडलं आणि बोलली. मॅडम बघत राहिल्या, त्यांना काही कळलं नाही. जीवननं मात्र झटक्यात तिच्याकडे पाहिलं. उज्ज्वलेच्याही तेव्हाच ध्यानात आलं. तोंडातून निघालं होतं ते गोरबोलीत निघालं होतं. त्यात धाकट्या लेकराला शब्द होता नानक्या. इतकी वर्षं ते तिला तसंच आठवत होतं आणि तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मॅडमना गोरबोलीतला एक शब्दही येत नव्हता.

ते परत आले तेव्हा पाऊस थांबला होता. तांड्याच्या चढावर चिखल झाला होता. खेमसिंग आणि जमनी वावरातून आलेले होते. दोघांचे कपडे ओले, ओसरीभर ओला कापूस पसरलेला, त्याचा कुबट वास. जीवननं आधी पोराचं सांगितलं. जमनी ऐकता ऐकता खाली बसली, मग डोळा जाणार नाही हे कळल्यावर पोराला ओढून घेऊन त्याच्या कपाळावर कपाळ टेकवून राहिली. मग जीवननं आजीचं सांगितलं.

"बिजलीबाई," जमनी लगेच म्हणाली.

बिजलीबाई म्हणजे खेमसिंगची आई. जीवन रांगत असतानाच ती गेली होती. उज्ज्वलेनं तिचं नावच तेवढं ऐकलं होतं. घरात तिचा फोटोही नव्हता.

"एका डोयानं आंधळी होती थे," जमनी सांगू लागली. "मी नवी नवरी होऊन आली तवा मले भेव वाटे तिचं. सारे म्हणत, लहानपणी पऱ्हाटीची काडी घुसली डोयात. कोणाले माईत. लहानपणचं कोण पाहाले गेलं?"

"गर्दीत दुसरी कोणी असन," जीवन म्हणाला. "आपल्या लोकांच्या म्हाताऱ्या काय कमी येतात दवाखान्यात."

"असन," जमनी म्हणाली.

खेमसिंग ओल्या कापसातून हात फिरवत होता, वरचा खाली, खालचा वर. मग त्यानं विचारलं, "कोणता डोया म्हणली मॅडम?"

"इचारलं नाई, बा," उज्ज्वला म्हणाली.

"उजवा होता," म्हातारा म्हणाला. "आईचा उजवा होता."

अंजू दारात उभी राहून ऐकत होती. तिनं नकळत आपल्या उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला.

प्रेमला नागपूरला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी ठिपका जाळला. पुन्हा महिन्यानं नेलं, पुन्हा. हिवाळा आणि उन्हाळा असाच गेला. कापसाला काळा म्हणून कमी भाव आला आणि त्याचं कोणी फार बोललं नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी जीवनचेही डोळे तपासले. त्याच्या डाव्या डोळ्याच्या पडद्यावर एक जुना डाग निघाला, आपोआप सुकून गेलेला. लहानपणी याला कधी काही झालं होतं का, त्यांनी विचारलं. कोणाला काही आठवलं नाही. म्हणजे हे बिजलीबाईपासून आलेलं, एकाला लागतं, एकाला सोडतं, डॉक्टर म्हणाले. तिच्या वंशात जिथं जिथं लहान मूल असेल त्याला दाखवा.

खेमसिंगची थोरली बहीण रुक्माबाई, जीवनची फुई म्हणजे आत्या, ढाणकीकडच्या एका तांड्यावर दिली होती. तिच्या नातवाला, सेवादासला, नुकतीच मुलगी झाली होती. जीवन म्हणाला फोन करू. खेमसिंग म्हणाला, हे फोनवर सांगायचं नाही. म्हणून उज्ज्वला गेली, एकटी, एक साधी सुती साडी नेसून, पिशवीत त्या पोरीसाठी एक टोपडं घेऊन.

रुक्माबाईनं खाटेवर बसल्या बसल्या सगळं ऐकून घेतलं. पाणीही विचारलं नाही. मग म्हणाली, "तुह्या घरी झालं थे तुह्या घरी ठेव. आमच्या पोरीवर कायले आणतं?"

"आणत नाई, फुई. दाखवून घ्या म्हणतो फक्त."

"माया मायचा डोया काडीनं गेला. तुले काय माईत? तू होती काय तवा?"

सेवादास अंगणात मोटारसायकल पुसत होता, त्यानं मान वर केली नाही. त्याची बायको निमा आतल्या दारात पदर ओढून उभी होती, इवलीशी पोर खांद्यावर टाकून. उज्ज्वलेनं तिच्याकडे बघून गोरबोलीत तेच सांगितलं, जसं तिला आठवत होतं तसं, सावकाश. मग टोपडं खाटेच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि निघाली. फाट्यावर गाडीची वाट पाहत असताना तिला वाटलं, आपण फुकट आलो. तिला कोणाचा राग आला नाही. घशाला कोरड पडली होती, तेवढंच जाणवत होतं.

पेरण्या होऊन पऱ्हाटी गुडघ्याला आली तेव्हा ती प्रेमला घेऊन समीक्षा मॅडमकडे गेली. प्रेम आता चालायला लागला होता. डोळा चांगला होता, ठिपक्याच्या जागी नुसता खडूसारखा व्रण राहिला होता. बाहेर बाकावर निमा बसलेली होती, मांडीवर पोर.

"काकी," ती उठून उभी राहिली.

दोघी आत गेल्या. मॅडमनं निमाच्या पोरीला औषध घालून दोन्ही डोळे कडेकडेनं पाहिले. दोन्ही साफ होते. पुन्हा काही महिन्यांनी आणा, पण आज काही नाही, म्हणाल्या. निमाच्या हनुवटीवरून पाणी टपकलं तेव्हा उज्ज्वलेला कळलं की ती रडत होती.

बाहेर येऊन दोघी बाकावर टेकल्या. पोरीच्या बाहुल्या अजून मोठ्या होत्या, ती उजेडानं डोळे मिचकावत होती.

"घरच्यानं येऊ देलं?" उज्ज्वलेनं विचारलं.

"नाई देलं. मायेरी जातो म्हणून निघाली." निमा पोरीचं तोंड पुसत म्हणाली. "त्या दिवशी म्हातारीनं सांगतलं ना, तवापासून मले चैनच नव्हतं. जेवतानी तेच, निजतानी तेच. कानात बसलं होतं."

"कोण म्हातारी? रुक्माबाई?"

"नाई व. तुमच्या संगं आलती थे. बांगड्यावाली."

उज्ज्वलेनं प्रेमला जवळ घेतलं. तो तिच्या हातातून सुटायला बघत होता.

"मी एकली आलती," ती म्हणाली.

निमानं तिच्याकडे बघितलं, थट्टा करता की काय अशा नजरेनं. "काकी, तुमी तं तिच्या मागं उभ्या होत्या. बोलली सारं थेच."

"आन् मी?"

"तुमी काईच नाई बोल्ल्या. तुमी नुसत्या मायाकडं पाहून राह्यल्या होत्या."

नर्सनं पुढचा नंबर पुकारला. कोणीतरी उठलं, कोणीतरी आत गेलं. उज्ज्वलेनं प्रेमला मांडीवर घेतलं आणि ती बाकावर जराशी बाजूला सरकली. दोघींच्या मधे एका माणसाला बसता येईल एवढी जागा झाली.